दोष सारथ्याचा, हप्ता गाडीचा

वाहतुकीचे नियम वारंवार मोडणाऱ्या मोटारचालकाकडून विम्याचा हप्ता अधिक घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून वर येतो आणि पुन्हा बुडतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली होती. मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्यास शंभर दोषांक, भलत्या जागी गाडी उभी करणाऱ्यास दहा, आणि अंकांच्या बेरजेप्रमाणे हप्त्यावर अधिभार, अशी ती योजना. तिचा प्रयोग प्रथम दिल्लीत व्हावयाचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांना हीच मागणी केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे पत्राने पुन्हा करावी लागली, यावरून मधल्या काळात त्या अहवालाचे काय झाले ते वाचकांनी ओळखावे.

मूळ तत्त्व आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार ते पंधराशे घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीस तृतीय पक्षाच्या विम्यासाठी ३,४१६ रुपये पडतात. ती मोटार आयुष्यात एकदाही सिग्नल न मोडलेले निवृत्त मुख्याध्यापक चालवोत, की दर शनिवारी रात्री झिंगून घरी परतणारा एखादा कुलदीपक चालवो. सब घोडे बारा टक्के! स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात दावा न करणाऱ्यास वीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते खरी. परंतु ती दाव्याचा हिशेब पाहते, वर्तनाचा नव्हे. केवळ दैव बलवत्तर म्हणून ज्याची गाडी अद्याप कोठे आदळली नाही, असा बेफाम चालकही सज्जनांच्या पंक्तीस बसून ती सूट पदरात पाडून घेतो. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या खाती मांडले. वेग इंजिनात असला, तरी अतिवेग हाकणाऱ्याच्या पायात असतो.

नेमके येथेच कार्यगटाचे पाऊल चुकले असे आम्हांस वाटते. गाडी कोणीही चालविलेली असो, अधिभार गाडीवर बसावा, असे त्याने सुचविले. चौकातील कॅमेरा गाडीची पाटी वाचतो, चेहरा वाचीत नाही. तेव्हा वसुलीस हे सोयीचे आहे, हे उघड आहे. पण पगारी ड्रायव्हरने केलेल्या प्रतापांचे अंक मालकाच्या माथी राहणार आणि तो ड्रायव्हर कोऱ्या पाटीने दुसऱ्या घरी नोकरीस लागणार. चिरंजीवांच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांना थोडी झळ लागली तर आम्हांस फारसे दुःख नाही. मात्र चिरंजीव स्वतःची गाडी घेतील त्या दिवशी विमा कंपनीच्या दप्तरी ते निष्कलंक ठरावेत, हा कोणता न्याय? सरकारपाशी गाड्यांची ‘वाहन’ आणि अनुज्ञप्तींची ‘सारथी’ अशा दोन देशव्यापी नोंदवह्या आहेत. दोषांक दुसरीत पडले पाहिजेत. ब्रिटनमध्ये ते चालकाच्या अनुज्ञप्तीवरच चढतात. तीन वर्षांत बारा झाले की सामान्यतः गाडी चालविण्याचा अधिकारच जातो. चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकावी, आणि वादग्रस्त चलानाचा निकाल लागेपर्यंत त्याचे अंक धरू नयेत. गाडी उभी करण्याच्या चुका तर या हिशेबात मुळीच नकोत. शहरात गाडीतळ बांधावयाचे नाहीत आणि त्याबद्दल विम्यातून दंड घ्यावयाचा, हा निव्वळ कर झाला.

दुसरी एक अडचण याहून गंभीर आहे. विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास कायद्याने दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे, पण तिच्या भीतीने कोणी विमा काढीत असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणजे वर दिलेल्या हप्त्यापेक्षा दंडच स्वस्त! त्यात अधिभाराची भर पडली की ज्याच्यावर विम्याचा अंकुश सर्वांत अधिक हवा, तोच प्रथम विमा सोडील. विमा असला तर चालकाच्या दोषाबद्दल वाद असूनही न्यायाधिकरण कंपनीस आधी भरपाई देण्यास व मागाहून मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. तो नसला तर गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या विधवेस मालकाच्या दारी खेटे घालावे लागतात. म्हणून अधिभार आधी स्वतःच्या गाडीच्या विम्यावर लावावा, आणि तृतीय पक्षाच्या हप्त्यास हात घालण्यापूर्वी विमा नसल्याचा दंड त्या हप्त्याच्या निदान तिप्पट करावा.