तटबंदीच्या आत

जयपूर पाहून आलेल्या माणसाला ‘काय पाहिले?’ असे विचारावे, तर तो हवामहल, जंतरमंतर आणि आमेरचा किल्ला ही तीन नावे चटकन सांगतो. चौथे नाव बहुधा एखाद्या दुकानाचे असते. त्याच्या उत्तरात चूक काहीच नाही. पण तटबंदीच्या आतील शहर काही त्यात सापडत नाही. एखाद्याचे घर पाहावे आणि घरच्या माणसांना न भेटताच परतावे, तसे हे आहे असे मला वाटते.

सवाई जयसिंह दुसरे यांनी इ.स. १७२७ मध्ये हे नगर वसविले. विद्याधर भट्टाचार्य यांच्या आखणीप्रमाणे सुरजपोल ते चांदपोल असा सरळ राजमार्ग काढण्यात आला. त्याला काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमुळे शहराचे मोठे चौरस भाग पडले. व्यापारी आणि कारागीर यांना ठिकठिकाणांहून बोलावून येथे जागा देण्यात आल्या. पुण्यात जशी तांबट आळी, तसा येथे बांगड्या करणाऱ्या मनिहारांचा रस्ता आहे. जौहरी बाजारात रत्नांचे व्यवहार चालतात, त्रिपोलिया बाजारात पितळेची भांडी मिळतात. चांदपोल बाजारालगतच्या ‘खजानेवालों का रास्ता’ या गल्लीत मूर्तिकार बसतात; तेथून चालताना संगमरवराची पांढरी भुकटी पायांना लागते. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले, तेव्हा आखणी व वास्तूंबरोबर येथील कारागिरीच्या परंपरेचाही विचार केला होता. इ.स. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी दिलेल्या गुलाबी रंगाची कथा तर प्रत्येक वाटाड्या सांगतो. तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

मला सांगायचे आहे ते मनिहारांच्या रस्त्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी तेथे लाखेच्या बांगड्या घेण्यासाठी गेलो होतो. एका छोट्या गाळ्यात बसलेल्या बाईंनी जोडाची किंमत अडीचशे रुपये सांगितली. मी सवयीने निम्म्यावर आलो. पुष्कळ ओढाताण झाल्यावर त्या ‘घ्या, भाईसाहब’ एवढेच म्हणाल्या आणि जोड कागदात बांधू लागल्या. हव्या त्या मापाचा दुसरा जोड तयार नव्हता, म्हणून त्यांनी मला बसायला सांगितले. त्या अर्ध्या तासात मी जे पाहिले, ते आधी पाहिले असते तर माझे तोंड उघडले नसते.

पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरील बारीक किड्यांपासून लाख मिळते. ती मुख्यतः झारखंड आणि छत्तीसगढच्या जंगलांतून येते. बाईंच्या पतीने लाखेचा गोळा कोळशाच्या शेगडीवर मऊ केला, त्यावर रंगीत लाखेचा थर चढविला, लाकडी हत्याने दाबून त्याची सळी ओढली, तुकडा कापला आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच त्याचे कडे केले. लाख फार तापली तर वितळते आणि निवली तर तडकते. या दोहोंमधील क्षण त्याला बोटांनी कळत होता. मग बाईंनी ऊब असतानाच त्यात चिमट्याने एकेक खडा बसविला. बाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, तसे त्यांनीच सांगितले. होळीच्या आधी हीच कुटुंबे लाखेचे पातळ पोकळ गोळे फुंकून त्यांत गुलाल भरतात. ‘गुलाल गोटा’ म्हणतात त्याला. तो अंगावर फुटतो, पण लागत नाही. फुंकर किती घालावी याचे शिक्षण कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? पुस्तकात नाही म्हणून ते शिक्षण नव्हे, असे निदान मला तरी म्हणवत नाही.

तेथून उठलो आणि घेवर घेण्यासाठी हलवायाकडे गेलो. श्रावणातील तीज जवळ आली होती. हलवाई तापलेल्या तुपात उंचावरून मैद्याच्या पातळ पिठाची धार सोडीत होता, आणि साच्यात जाळीदार चकती आकाराला येत होती. दुकानापुढे गर्दी होती. पण घेवराच्या दरात कोणी घासाघीस करीत नव्हते. वजन करा, पैसे घ्या, एवढाच व्यवहार! मीही मुकाट्याने पैसे दिले. मग तोच मी अर्ध्या तासापूर्वी त्या बांगड्यांची किंमत का पाडीत होतो? हलवायाचा दर फळ्यावर लिहिलेला होता, एवढेच कारण असावे. बाईंचा दर त्यांच्या तोंडी होता.

घासाघीस मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. प्रवाशाला मुद्दाम चढा भाव सांगणारे दुकानदार असतात आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याची दलालीही त्या भावात मिसळलेली असते. परंतु मोठ्या दुकानात कापला जाणारा पैसा आणि शेगडीपाशी कापला जाणारा पैसा यांत फरक आहे. पहिला नफ्यातून जातो, दुसरा मजुरीतून. त्याच रस्त्यावर यंत्रातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या बांगड्याही टांगलेल्या असतात, आणि दुरून दोन्ही सारख्याच चमकतात. दर्शनी भिंतींना गुलाबी रंग देता येतो. शेगडी पेटती राहायची तर तिच्यापुढे बसणाऱ्याला तो धंदा परवडला पाहिजे.

घेवर घेऊन मी परत त्या गाळ्याकडे वळलो. उरलेले पैसे पुढे केले, तेव्हा बाईंना प्रथम काही उमगेना. मग त्यांनी पैसे घेतले, आणि मी निघालो तेव्हा पेटीतून खडे बसविलेली एक छोटी बांगडी काढून पुड्यावर ठेवली. “मुलीला द्या,” त्या म्हणाल्या. मला मुलगी नाही, हे सांगण्याचे मी टाळले.