शहरांच्या बहिणी

आमच्या घरीं गेल्या पंधरवड्यांत एक भौगोलिक वाद माजला आणि त्याचें निमित्त झालें तुर्कस्थानांतील इझमीर. धाकटा नातू शाळेच्या कामासाठीं त्या शहराची माहिती जमवीत होता. ईजियन समुद्राच्या आखाताभोंवतीं वसलेलें, जुन्या ग्रंथांतून स्मिर्ना म्हणून येणारें तें बंदर, त्याचे 30 जिल्हे (आपल्या हिशेबानें तालुकेच म्हणावे) आणि परदेशीं शहरांशीं जुळलेलीं भगिनी-नातीं हें सर्व त्यानें वाचून दाखविलें. मुंबईचें योकोहामाशीं 1965 सालीं आणि स्टुटगार्टशीं 1968 सालीं असें नातें जुळलें, हें मीं त्यास सांगितलें. त्यावर तो म्हणाला, "मग आजोबा, आपल्या चंद्रपूरची बहीण कोण?"

"गडचिरोली. सख्खी, आणि वाटणी घेऊन वेगळी झालेली," मीं म्हटलें.

चांदा हें नांव ज्यांच्या तोंडीं अजून आहे, त्यांस निराळें सांगावयास नको. पण मुलांस आपलें गांव नकाशावर नीट दाखवितां येत नाहीं, हा माझा अनुभव आहे. शहराच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. दोन्ही दक्षिणेस मिळतात व तें पाणी पुढें वर्धेस जातें. या दोन नद्यांमधील जागा गोंड राजांनीं राजधानीसाठीं निवडिली आणि तिला कोट घातला. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा, पूर्वेस अचलेश्वर असे चार दरवाजे. जटपुऱ्याखालून रोज जाणाऱ्या नातवास दक्षिणेचा दरवाजा विचारला, तर त्यानें बोट बिनब्याकडे केलें! इझमीरचे तीस जिल्हे त्यास पाठ होते.

जुना चांदा जिल्हा अफाट होता. त्यांतून 26 ऑगस्ट 1982 रोजीं गडचिरोली वेगळा झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा ही दोघांमधील सीमा ठरली. धाकटीचा वांटा 14,412 चौरस किलोमीटर, थोरलीकडे उरले 11,443. कोळसा, आगगाडी व कारखाने बहुतेक थोरलीकडे राहिले. अरण्य धाकटीकडे गेलें. मी तेव्हां नुकताच शिक्षक झालों होतों. ही वाटणी मला मुळींच रुचली नव्हती.

पुढें तीन वर्षें सिरोंचा तालुक्यांत नोकरी केली, तेव्हां मत पालटलें. पण तें पुरतें नव्हे. कचेरीचें एखादें काम निघालें कीं दिवस जाण्यांत, दिवस येण्यांत, आणि साहेब नसले तर तिसरा धर्मशाळेंत. जिल्हा जवळ यावा म्हणून वाटणी झाली, आणि सिरोंच्याहून गडचिरोलीही सुमारे 200 किलोमीटर! अहेरी हा स्वतंत्र जिल्हा व्हावा ही जुनी मागणी मला म्हणून वावगी वाटत नाहीं.

येथें आमचे धाकटे बंधू मध्यें पडले. "दादा, जिल्हे वाढवून कचेऱ्या वाढतात, डॉक्टर व शिक्षक वाढतात का?" प्रश्न खोटा नाहीं. तरीहि पावसाळ्यांत ज्यानें नाल्याच्या अलीकडे आजारी माणूस घेऊन रात्र काढली आहे, त्यास कचेरीपासूनचें अंतर हा केवळ हिशेब वाटत नाहीं.

सिरोंच्याचें भूगोलांतील स्थान मोठें विलक्षण. वर्धा व वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता तेथें गोदावरीस मिळते. समोर तेलंगणांतील कालेश्वर. तालुक्यांत तेलुगु घरोघर ऐकूं येते. गोदावरीवर पूल झाल्यापासून बाजार, दवाखाना, सोयरीक यांसाठीं पलीकडे जाणें सोपें झालें. त्याच पाण्यानें दुःखही आणलें. संगमाखालीं मेडीगड्डा येथें तेलंगणानें बांधलेला बंधारा 2019 सालीं सुरू झाला. त्याच्या फुगवट्यानें सिरोंच्याकडील शेतें बुडूं लागलीं व मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांस आंदोलनें करावीं लागलीं. 2023 च्या ऑक्टोबरांत त्या बंधाऱ्याचे कांहीं खांबच खचले.

नातवानें हें सारें ऐकून नकाशा पुरा केला. चंद्रपूर व गडचिरोली यांस जोडणारी तांबडी रेघ त्यानें काढली. सिरोंच्यापासूनची रेघ मात्र उत्तरेस न नेतां नदी ओलांडून कालेश्वरास नेली. मी खोडरबर हातीं घेतलें होतें. बंधूंनीं तें काढून घेतलें.