आरंभशूरांसाठी एक वेळापत्रक

मराठीत ‘बैठक’ हा शब्द विद्वत्तेचे प्रमाणपत्र म्हणून वापरला जातो. गवयाला बैठक लागते, संशोधकालाही लागते, आणि ज्याची बैठक मोडली तो कामातून गेला असे आपण खुशाल समजतो. (तालमीतल्या बैठका निराळ्या. त्या आमच्या मराठी विभागात कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.) उलट ‘पळणे’ या क्रियापदाची संगत फारशी बरी नाही : पळपुटा, पळवाट, पळ काढणे. ‘धावणे’ त्यामानाने प्रतिष्ठित, पण ते बहुधा कोणासाठी तरी असते. देव भक्तासाठी धावतो, शेजारी अडचणीला धावून येतो. कोणी पाठीस लागलेले नसताना आणि कोणाच्या मदतीला जायचे नसताना रस्त्यावरून धावणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे नेमका शब्द नव्हता. ‘जॉगिंग’ आहे तसे उचलावे लागले.

वाचन-अध्यापनात वीस-पंचवीस वर्षे गेलेल्या माणसाला पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास रक्तातील साखरेचा अहवाल हाती पडतो आणि डॉक्टर ‘हालचाल वाढवा’ म्हणतात, तेव्हा या भाषेचे ओझे त्याच्या खांद्यावर असतेच. चालणे त्याला पटते, कारण चालण्यामागे वारी आहे, प्रदक्षिणा आहे. धावणे मात्र त्याला एक तर पोरकट वाटते, नाहीतर वीरश्रीचे. ते या दोन्हींपैकी काहीच नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून मी एका वेळापत्रकाकडे बोट दाखवीन. गेल्या वर्षी ते मी स्वतः पाळले आहे.

‘काउच टू फाइव्ह के’ हे त्याचे नाव. 1996 साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने ते तयार केले, ते पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही ते स्वीकारले. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे. मग साठ सेकंद धावायचे, नव्वद सेकंद चालायचे, असे आठ वेळा. म्हणजे एका दिवसाचे एकूण धावणे आठ मिनिटांचे. दुसऱ्या आठवड्यात नव्वद सेकंद धावणे आणि दोन मिनिटे चालणे. असे करीत नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटे. नावात पाच किलोमीटर असले तरी अर्ध्या तासात तेवढे अंतर काटणारे नवखे थोडेच. बहुतेकांचे त्याहून कमी भरते, आणि त्याने काही बिघडत नाही. मिनिटे हे या संहितेचे खरे एकक आहे, अंतर नव्हे.

शिकल्या-सवरलेल्या माणसाला ही संहिता वाचताना जरा अपमान वाटतो. साठ सेकंद? मला? ज्याने संदर्भग्रंथांच्या राशी उपसल्या त्याला एक मिनिट धावायला सांगणारे हे कोण? मग तो पहिल्याच दिवशी मैदानाला तीन फेऱ्या मारतो, चौथ्या दिवशी नडगी धरून बसतो आणि आठव्या दिवशी ‘आपल्याला हे झेपत नाही’ असा निष्कर्ष जाहीर करतो. आपल्या भाषेने या माणसाला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : आरंभशूर. या वेळापत्रकाचे मला वाटणारे मोठेपण हे, की ते आरंभशूराच्या शौर्यालाच लगाम घालते. त्यामागे शरीरशास्त्र आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या कामाला सरावू लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना पुष्कळ अधिक काळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस पुढे जातो आणि पायांनी त्याला गाठलेले नसते. विश्रांतीचा दिवस हा त्या मागे राहिलेल्यांसाठी आहे. वेगाचे मापही साधे आहे : धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. व्याख्यात्यांना ही कसोटी सोयीची पडावी. (रक्तदाब, मधुमेह वा हृदयाची तक्रार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे, हे वेगळे सांगायला नकोच.)

आता साहित्याकडे. देहाच्या सुधारणेचे आपल्याकडचे लेखन पाहिले तर त्याचे ठळकपणे दोनच घाट दिसतात. पहिला विनोदाचा. 1958 च्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आठवावा : वजन उतरवण्याचा निश्चय, चाळकऱ्यांचे अनाहूत सल्ले आणि ठरलेला पराभव. पु. लं.नी हा घाट इतका परिपूर्ण केला की त्यानंतर मध्यमवर्गीय मराठी माणसाने व्यायामाचा संकल्प सोडला की ऐकणारा आधीच हसू लागतो. संकल्प मोडणे हेच त्याचे खरे कथानक, पाळणे हा रसभंग. दुसरा घाट जिद्दीचा. नऊवारी साडीत, अनवाणी पायांनी, पतीच्या उपचारांच्या खर्चासाठी बारामतीच्या शर्यतीत धावलेल्या लता भगवान करे यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे; 2020 साली त्यांच्यावर चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. ही कथा थोरच आहे. परंतु ती आम्हां बैठ्यांना ‘पाहा, त्या या वयात धावल्या, तुम्हांला काय झाले?’ अशी ऐकवली जाते, तेव्हा तिच्यातली मुख्य गोष्ट गाळली जाते. मोलमजुरी करणाऱ्या त्या बाईंचा देह कोचावर कधी बसलाच नव्हता. त्यांच्यापाशी धावण्याची तयारी होती, पैसे नव्हते. आमचे नेमके उलटे आहे.

परदेशी लेखनातही नवख्याला फारशी जागा नाही. मुराकामींचे धावण्यावरील पुस्तक 2007 साली जपानीत आले तेव्हा ते अनेक मॅरेथॉन धावून चुकले होते. 1982 मध्ये तेहतिसाव्या वर्षी त्यांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वर्षी अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत धावले. पुस्तकाचा सूर अंगवळणी पडलेल्या साधनेचा आहे. अ‍ॅलन सिलिटोच्या 1959 च्या कथेतला सुधारगृहातला मुलगा तर जिंकत आलेली शर्यत मुद्दाम हरतो. मुद्दाम हरण्याची ही चैन धावता येणाऱ्यालाच परवडते. चौथ्या आठवड्यातल्या माणसाला हरायलाही कोणी समोर नसते.

म्हणून विनोद आणि जिद्द यांच्याबाहेरचा एक तिसरा सूर हवा, असे मी म्हणते. तो काहीसा कंटाळवाणा असेल. त्यात पुनरावृत्ती असेल, आणि पुनरावृत्तीला अपयश मानले जाणार नाही. एखादा आठवडा जमला नाही तर तोच पुन्हा करावा, अशी मुभा या कार्यक्रमात आहे. मी तिसरा आठवडा तीनदा केला. कवितेची ओळ तीनदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नापास करीत नाही.

याचा अर्थ वेळापत्रक निर्दोष आहे असे नव्हे. त्याच्या नावातच एक कोच आहे, आणि कोचासोबत त्या घरातले बाकीचे सारे गृहीत आहे : बाहेर पडले की पदपथ, पदपथावर दिवे, आणि तिथून एकटी बाई धावत गेली तर मान वळवून न पाहणारी माणसे. आमच्या तालुक्याच्या गावी पहाटे धावायला जागा एकच, ती म्हणजे मैदान. तिथे पोलीस भरतीची मुले-मुली सराव करीत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यांचे सेकंद आणि माझे सेकंद यांत केवढे अंतर आहे! त्यांना सेकंद वाचवायचे असतात, कारण त्यावर नोकरी आणि घर अवलंबून असते. मला ते नुसते पुरे करायचे असतात. त्या मुलींच्या संगतीमुळेच मला तिथे धावणे शक्य झाले, हे वेळापत्रकात कुठे लिहिलेले नाही. उजाडल्यावर दुचाकी शिकणारे येतात, पावसाळ्यात चिखल होतो, आणि निवडणुकीच्या हंगामात मंडप पडतो. ज्या महाविद्यालयांची स्वतःची मैदाने आहेत त्यांनी सकाळी दोन तास फाटक उघडे ठेवले, तर ‘आरोग्य सप्ताहा’तल्या व्याख्यानांपेक्षा अधिक काम होईल. ही मागणी मी प्राचार्यांच्या बैठकीतही केली आहे. बैठक लांबली आणि विषय राहिला.

पाचवा आठवडा हा या संहितेतला एकमेव नाट्यमय भाग. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटे, मध्ये चालणे नाही. वाचताना ही छापण्यातली चूक वाटते. धावताना अकराव्या-बाराव्या मिनिटाला काही विशेष घडत नाही. श्वास जड असतो, पण वाक्य पुरे होते. पंधराव्या मिनिटाला मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली शेळी बांधलेली दिसते, ती आधीच्या फेरीतही तिथेच असते. विसाव्या मिनिटाला घड्याळ वाजते आणि पुढची पाच मिनिटे चालायचे असते.