छातीची कळ आणि पित्ताची समजूत

आपल्या शेतकरीवर्गांत अशी समजूत खोल रुजली आहे कीं, हृदयविकार हा गादीवर बसणाऱ्या धनिकांचा रोग असून नांगर धरणारास तो शिवत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत वारसनोंदींचीं प्रकरणें वर्षानुवर्षें लिहिलीं. चाळिशी-पन्नाशींत गेलेल्या खातेदारांचे वारस पुष्कळदां सांगत, "रात्रीं छातींत कळ आली, पित्त समजून सोडा घेऊन निजले, ते उठलेच नाहींत." ही समजूत आतां टाकलीच पाहिजे.

कष्टानें हृदय बळकट होतें हें खरें; परंतु तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब व मधुमेह यांनीं हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आंतून अरुंद होतात. पाटांत गाळ सांचला म्हणजे शेवटचा वाफा सुकतो, तसाच हा प्रकार. यास्तव तंबाखू सोडावी व दिवसाचें एकंदर मीठ लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आंत ठेवावें.

कपिलधारच्या दरींतून चढ चढतांना छाती दाटावी व थांबतांच मोकळी व्हावी, तर ती पूर्वसूचना समजून लवकर तपासून घ्यावें. परंतु बसल्या जागीं छातीच्या मध्यभागीं दाब येणें, कळ डाव्या हातांत, जबड्यांत वा पाठींत जाणें, दरदरून घाम सुटणें, धाप लागणें, हीं लक्षणें दिसतां क्षणही दवडूं नये. स्त्रियांस व मधुमेह्यांस कधीं कळ न येतां केवळ धाप, मळमळ वा विलक्षण थकवा येतो.

वाहिनी तुंबली कीं हृदयाचा स्नायु घटकेघटकेनें मरूं लागतो. गुठळी विरघळविणारें औषध जितकें लवकर मिळेल, तितका गुण अधिक. म्हणून सकाळची वाट पाहूं नये. रोग्यास चालवूं नये, मोटारसायकलीवर मधें कोंबून नेऊं नये. सन २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. तीस पाचारण करून बीडचें जिल्हा रुग्णालय गांठावें.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीस परमुलखीं जातात. टोळ्या निघण्यापूर्वीं गांवोगांवीं रक्तदाब व साखर तपासण्याची व्यवस्था आपल्या संघानें करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. बैलाचें खूर व गाडीचा आंस पाहिल्याविना आपण दूरच्या वाटेस लागत नाहीं. मग घरच्या कर्त्या माणसाचें हृदय तेवढें न पाहतां कां धाडावें?