यादीत टिळक हवेत

अकोल्याच्या जुन्या शहरात श्रावणी सोमवारी राजराजेश्वराच्या कावडीचे ढोल घुमतात. इथला संगीतवेडा डिसेंबरात मात्र अजय-अतुल यांची, हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद मुद्रित झालेली ‘सैराट’ची (२०१६) गाणी ऐकतो, त्यांचंच ‘महाराष्ट्र शाहीर’चं (२०२३) संगीत ऐकतो, आणि बोनी एमचा १९८१ चा ख्रिसमस अल्बमही.

ऐकावंच! पण ही यादी अपुरी आहे.

मराठी नाताळाला स्वतःचा सूर आहे, तो रेव्हरंड ना. वा. टिळकांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती ओवी-अभंगांत, भजन-कीर्तनात आणली. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरांपेक्षा ही पदं मराठी गळ्याला सहज पेलतात. पेटी, मृदंग, टाळ आणि मागे ध्रुपद धरणारी मंडळी, एवढ्या साथीवर त्यांचा देखणा अल्बम होईल. अजय-अतुल यांच्यासारख्या संगीतकारांनी तो मनावर घ्यावा.