दोन मिनिटे थांबणे



जानेवारीच्या ३० तारखेस सकाळी अकरा वाजता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. कचेऱ्यांतील काम थांबते आणि शाळांतून मुले ओळीने उभी राहतात. याच महिन्यात आपल्याकडे रस्ता सुरक्षेचे अभियानही चालते. पूर्वी ते आठवड्याचे असे, २०२१ मध्ये ते प्रथम महिन्याचे झाले. त्यामुळे एकाच शाळेच्या एकाच पटांगणावर एके दिवशी हुतात्म्यांना वंदन होते, तर दुसऱ्या दिवशी वाहतूक पोलीस रस्ता कसा ओलांडावा हे शिकवून जातो. मुलांच्या मनात या दोन गोष्टी बहुधा निरनिराळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

असाच योग ब्रिटनमधील शाळांच्या वाट्याला नोव्हेंबरात येतो. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या स्मृतीसाठी मुले छातीवर कागदी लाल फूल लावतात आणि अकरा वाजता दोन मिनिटे मौन पाळतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावोगावच्या स्मृतिस्तंभांपाशी पुष्पचक्रे वाहिली जातात. त्यानंतरचा, म्हणजे तिसरा रविवार, रस्त्यावर बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा असतो. १९९३ मध्ये तेथील एका संस्थेने तो पाळावयास आरंभ केला आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यास जागतिक मान्यता दिली. शाळांचा रस्ता सुरक्षा सप्ताहही तेथे बहुधा याच महिन्यात येतो. त्या दिवसांत शाळा सुटते न सुटते तोच अंधारून येते, आणि करड्या डगल्यातले मूल मोटार हाकणाऱ्यास दिसत नाही.

मौनाच्या या प्रथेचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. १९१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरी दुपारच्या तोफेनंतर सारे व्यवहार थांबवून युद्धात पडलेल्यांचे स्मरण केले जाई. पुढील वर्षी राजे पंचम जॉर्ज यांनी ब्रिटिश साम्राज्यातील प्रजेस जे आवाहन केले, त्यात दोन मिनिटे सर्व प्रकारची वाहतूक बंद राहावी असे सांगितले होते. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी अकराच्या ठोक्याला लंडनच्या ट्रामगाड्या व मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आज आपण मौन म्हणजे न बोलणे एवढेच समजतो. मुळात ते चाक थांबविणे होते.

युद्ध आणि रस्ता यांचा याहूनही निकटचा संबंध पुढे दुसऱ्या महायुद्धात आला. १ सप्टेंबर १९३९ पासून शत्रूच्या विमानांना शहरे दिसू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये रात्री सारे दिवे मालविण्यात आले. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे! शत्रूची विमाने तर पहिल्या काही महिन्यांत फारशी आलीच नाहीत, परंतु रस्त्यावर माणसे मरू लागली. पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे आणि दिव्यांचे खांब पांढऱ्या रंगाने रंगविण्यात आले. पुरुषांनी सदऱ्याची मागची बाजू बाहेर सोडून चालावे म्हणजे ती अंधारात दिसेल, असाही सल्ला दिला गेला. काही शेतकऱ्यांनी तर गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे ओढले. फेब्रुवारी १९४० पासून वस्तीच्या भागात रात्री ताशी २० मैलांची वेगमर्यादा आली. इतके करूनही १९४१ साली तेथील रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशाच्या इतिहासात एका वर्षातील हा सर्वांत मोठा आकडा आहे. तो शांततेच्या काळातला नाही आणि बॉम्बनी मेलेल्यांचाही नाही. युद्धस्मारकावर या माणसांची नावे कोरली गेली नाहीत हे ओघानेच आले.

या अनुभवातून युद्धकाळातच मुलांसाठी रस्ता ओलांडण्याची एक कवायत तयार झाली. तिची भाषा सरळ पलटणीतली होती. आपल्या शाळांतील कवायतीच्या आज्ञा आठवल्या म्हणजे ती कशी होती ते कळेल: पदपथाच्या कडेशी ‘थम’, मग ‘दाहिने देख’, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि रस्ता मोकळा असेल तर ‘तेज चल’. मुलांना ती आवडली. शाळाशाळांतून एका सुरात ती घोकली गेली, आणि सुमारे तीस वर्षे टिकली.

पण येथेच मेख होती. मुले आज्ञा बरोबर म्हणत, मान बरोबर वळवीत, आणि डोळ्यांनी काहीच पाहत नसत! मान फिरविणे म्हणजे पाहणे नव्हे, हे मोठ्यांच्या ध्यानात यावयास फार दिवस लागले. अखेर १९७० च्या सुमारास ती कवायत बाजूला ठेवून नवे नियम आले. त्यांत प्रथम ओलांडण्याजोगी सुरक्षित जागा निवडणे, थांबणे, पाहणे, ऐकणे आणि वाहनांचा विचार करणे यांवर भर होता. त्यापूर्वीच रस्त्यावर पांढरे-काळे पट्टे आले होते (१९५१), आणि शाळेपाशी उभे राहून मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या माणसांना १९५३ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. लांब दांड्यावर गोल पाटी धरलेल्या या बायांना मुले लॉलीपॉपवाल्या बाई म्हणतात. २०२३ मध्ये तेथे रस्त्यांवर १,६२४ माणसे मृत्यू पावली. १९४१ च्या मानाने वाहने कितीतरी पटींनी वाढली असूनही संख्या इतकी उतरली. यात मुलांच्या शिक्षणाचा वाटा आहे, पण रस्त्यांची बांधणी, कायदा आणि वेगमर्यादा यांचा वाटा त्याहून मोठा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नाहीतर साऱ्या जबाबदारीचे ओझे आपण आठ वर्षांच्या पोरावर टाकून मोकळे होऊ.

मला वाटते, मौनालाही त्या कवायतीचाच रोग जडू शकतो. मुले दोन मिनिटे उभी राहतात, डोळे मिटतात, एखादे हसू दाबते, आणि घंटा झाली की वर्गात जातात. कोणासाठी थांबलो हे त्यांना सांगता येईल काय? म्हणून ब्रिटनमधील पुष्कळ शाळा आता गावच्या स्तंभावरील एखादे नाव निवडतात आणि तो माणूस कोठे राहत होता, काय काम करीत होता, किती वर्षांचा होता हे मुलांकडूनच शोधून काढवितात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक संगमरवरी छत्री आहे. १९१४-१५ च्या लढाईत जखमी होऊन तेथील रुग्णालयात वारलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन त्या जागी झाले. १९२१ मध्ये तिचे अनावरण झाले. त्या युद्धात भारताचे ७४,००० हून अधिक सैनिक कामी आले, ही गोष्ट आपल्याच मुलांना पुष्कळदा ठाऊक नसते.

आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, असे एखादे नाव आपल्यापासून फार दूर नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, आणि गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. कोहिमा, इम्फाळ, गुवाहाटी, रांची, चेन्नई, दिल्ली, पुण्याजवळचे खडकी, येथे युद्धातील दफनभूमी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५,००० हून अधिक वीरांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. त्यांत आपल्या तालुक्याचा कोणी आहे का, एवढा प्रश्न गुरुजींनी वर्गात टाकला तरी पुरे.

आता थोडे आकड्यांविषयी. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, म्हणजे सरासरीने दिवसाला ४६० हून अधिक. सभेत हे दोन आकडे शेजारी ठेवले की श्रोते चमकतात, आणि म्हणूनच वक्त्यांना ते आवडतात. माझे मत विचाराल तर ते एका भिंतीवर लिहू नयेत. जवान धोका ओळखून पुढे गेला. शाळेतून परतणाऱ्या मुलीने कोणताच धोका पत्करला नव्हता, तो तिच्यावर दुसऱ्याने लादला. तिच्या मरणाला बलिदान म्हणणे हा त्या जवानाचा अवमान आहे, आणि अपघाताला दैव म्हणणे हा त्या मुलीचा. एकाचे स्मरण कृतज्ञतेने करावे. दुसऱ्याच्या स्मरणात थोडा संताप असला तरी चालेल, किंबहुना असावाच.

हा संताप प्रथम आपणा पालकांकडे वळावा, हे ओघानेच येते. शाळेच्या फाटकापाशी सकाळी पाच मिनिटे उभे राहून पाहा. एका स्कूटरवर तीन मुले, चालविणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मुलांची डोकी उघडी, हे दृश्य आपल्याला इतके सरावाचे झाले आहे की ते दिसेनासे झाले आहे. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण सांगतो. अठरा वर्षांच्या आतील मुलाने मोटारगाडी वा स्कूटर चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘कोपऱ्यावरच तर जायचे आहे’ असे म्हणून किल्ली हाती देणाऱ्या वडिलांनी हे एकदा वाचावे.

मुंबईच्या अनेक शाळांतून आर.एस.पी.ची पथके आहेत. गणवेश घालून शाळेपाशी वाहतूक सांभाळणारी ही मुले पाहिली की बरे वाटते. आपल्या गावी तसे पथक नसेल तरी येत्या ३० जानेवारीला एक गोष्ट सहज होण्याजोगी आहे. मौन संपल्यावर मुलांना वर्गात न पाठविता शिक्षकांसह शाळेसमोरच्या रस्त्यापर्यंत न्यावे. तेथे सर्वांत आधी मुलांना बोलू द्यावे: कोठून ओलांडता, काय आड येते, कोणती गाडी कधी भरधाव येते. कोपऱ्यावरची हातगाडी, फुटलेला पदपथ, पुसट झालेले पांढरे पट्टे, पानांआड दडलेली शाळेची पाटी, हे सारे त्यांच्या उंचीवरून दिसते तसे मोठ्यांना दिसत नाही. त्यांनी सांगितलेले एका कागदावर उतरवून घ्यावे. तो कागद नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत नेण्याचे काम मात्र मुलांवर टाकू नये. त्यासाठी पालकांपैकी दोघातिघांनी अर्धा दिवस रजा काढावी, पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पट्टे रंगविले की नाही ते विचारावे.