निंजाचे कूळ

'तो-शिन दो'चे नाव काढले की जपानी युद्धविद्यांचे सोवळे भक्त नाक मुरडतात. स्टीफन हेज या अमेरिकन माणसाने पत्नी रुमिको हिच्यासह १९९७ साली ओहायोत ही स्वसंरक्षणाची पद्धत उभी केली. पाया होता टोकियोजवळच्या नोदा शहरी मासाआकी हात्सुमींकडे शिकलेल्या निंजुत्सुचा, म्हणजे निंजांच्या विद्येचा. आक्षेप असा, की अस्सल विद्येत पाणी घालून ती गिऱ्हाइकाला विकली.

अस्सल म्हणजे कोणती? इगा आणि कोगा या निंजांच्या मुलखांची विद्या सांगणारा 'बान्सेनशुकाई' हा १६७६चा ग्रंथ उघडा. हेरगिरी, वेशांतर, घरात शिरायची हत्यारे, दारूकाम, हवामानाचे ठोकताळे यांनी तो भरला आहे. नुसत्या हातांच्या मारामारीला त्यात फारशी जागाच नाही. मग ज्या ठोशा-पकडींत भेसळ झाली म्हणता, त्या निंजाच्या होत्या कधी? हात्सुमींना युद्धविद्येच्या नऊ परंपरा ताकामात्सु तोशित्सुगु (१८८९-१९७२) यांच्याकडून मिळाल्या; त्यांतल्या तोगाकुरे-र्यू या निंजुत्सु-परंपरेच्या वंशावळीवर जपानी अभ्यासकांनीच शंका घेतली आहे. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात, पण ती सवलत ऋषींना. शेकडो वर्षांचा वारसा सांगून फी घेणाऱ्याला ते विचारलेच पाहिजे. इथवर मी आक्षेपकांच्या बाजूचा.

पण नवे म्हणून खोटे, हे मला मान्य नाही. कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये जुजुत्सुची मोडतोड करूनच ज्युडो घडवला. त्याला आज कोणी भेसळ म्हणत नाही.

हेज यांनी मुख्यतः सरावातला हल्लेखोर बदलला. जुन्या साच्यातला हल्लेखोर लांब पाऊल टाकून एक ठोसा मारतो आणि हात तसाच ठेवून थिजतो. रस्त्यावरचा माणूस डाव्या हाताने कॉलर धरतो आणि उजव्याने मारत सुटतो. या एकाच पकडीला तो-शिन दोत चार उत्तरे आहेत. पृथ्वी म्हणजे पाय रोवून जागा न सोडणे. जल म्हणजे तिरके मागे सरून त्याचा तोल आपल्याकडे ओढून घेणे. अग्नी म्हणजे त्याचा हात सुटायच्या आत पुढे घुसणे. वायू म्हणजे कडेला वळून निसटणे. बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेली आपलीच पंचमहाभूते ही. (पाचवे आकाश, ते तासाला अमुक दराने शिकवू म्हणणाऱ्यापासून मी चार हात लांब राहीन.) घाबरलेल्या नवख्याला शंभर डावांची यादी आठवत नाही, चार दिशा आठवतात. ही मांडणी मला पटते.

टीका करायचीच तर दुखऱ्या जागी करा. निंजुत्सुच्या कितीतरी वर्गांत जोडीदार ठरलेलाच हल्ला करतो आणि मनगट नुसते वळले की आज्ञाधारकपणे पडतो. ज्युडोतला खेळाडू न पडण्यासाठी जिवाचे रान करतो. ज्युडोचा दरारा त्यातूनच आला. जोडीदार खरोखर विरोध करतो का, हा प्रश्न वंशावळीच्या वादात कोणी विचारतच नाही.

तेव्हा असा वर्ग लावायचा असेल, तर भिंतीवरच्या गुरूंच्या तसबिरी नंतर बघा. आधी शिक्षकांना सांगा, मी तुमची कॉलर धरतो आणि सोडणार नाही, आता दाखवा.